एका कॅनव्हासवर दोघी: झाशीहून पूर्णगडच्या समुद्राकडे

चिठ्ठी मंजूने उचलली, उघडली आणि माझ्यापुढे धरली. तिवारीजींच्या बारीक अक्षरात एकच शब्द होता: समंदर.

आमचा हौशी चित्रकारांचा गट दर रविवारी इलाइट चौराह्याजवळ एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत जमतो. वर्षातून एकदा प्रदर्शन भरवतो. या वेळी तिवारीजींनी नवीनच टूम काढली, की दोघादोघांनी मिळून एकच कॅनव्हास रंगवायचा आणि विषय चिठ्ठी टाकून ठरवायचा. कुणाला बाजार आला, कुणाला किल्ला, कुणाला बेतवा नदी. आम्हाला समुद्र. सगळे हसले. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरमागे धावावं लागतं त्या गावातल्या दोन बायका समुद्र रंगवणार! एकाने सल्लाही दिला, “इंटरनेट से कोई फोटो उठा लो, बहनजी.”

मंजू हसली नाही. जिना उतरताना म्हणाली, “चल, देखकर आते हैं.”

मंजू खरे ही माझी जुनी मैत्रीण. छावणीजवळच्या एका शाळेत ती ड्रॉइंग शिकवते. मी दतिया गेटच्या आतल्या बाजूला राहते आणि सरकारी कार्यालयात फायली हलवते. आमचं घर मराठी. पूर्वज कधीतरी कारकुनी करायला इकडे आले ते इथलेच झाले. मंजूला माझं मराठी समजतं, ती बोलते मात्र हिंदीत. इथे मी तिचं बोलणं बहुतेक मराठीतच लिहिते आहे, काही वाक्यं तेवढी जशीच्या तशी ठेवली आहेत.

तिला समुद्र का बघायचा होता हे मला न विचारताही ठाऊक होतं. तिचा एकुलता एक मुलगा अंकित मालवाहू जहाजावर इंजिन विभागात नोकरीला आहे. झाशीच्या मुलाने जहाजावर जावं हे मंजूच्या कधीच गळी उतरलं नव्हतं. तो रोज संध्याकाळी एक तरी मेसेज पाठवायचा, “खाना खा लिया”, बस्स. तेवढ्यावर तिची रात्र जायची.

दिवाळीची सुट्टी जवळ होती. मंजूचे यजमान, खरेजी, रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेत. तिकिटं त्यांनीच काढून दिली.

झाशी ते रत्नागिरी

दिल्लीहून केरळकडे जाणारी एक गाडी सकाळी झाशीला येते आणि कल्याण-पनवेल करत सरळ कोकण रेल्वेवर जाते. मध्ये बदलायची कटकट नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रत्नागिरी. तिकीट मात्र खूप आधी काढा, सणाच्या दिवसांत या गाडीला उभं राहायला जागा नसते. आम्ही कॅनव्हास गुंडाळून प्लास्टिकच्या नळकांड्यात घातला होता. भोपाळला चढलेल्या एका गृहस्थांना ती बंदूक वाटली. मंजूने नळकांडं उघडून दाखवलं तेव्हा कुठे ते शेजारी बसले.

पनवेल सुटल्यावर बोगदे सुरू झाले. दर बोगद्यानंतर मंजू खिडकीला नाक लावायची. “आया क्या?” समुद्र आला नाही. कोकण रेल्वेवरून समुद्र दिसतो असं समजून जाऊ नका. दिसतात ते डोंगर, नद्या आणि हिरवा रंग, इतका की आमच्या बुंदेलखंडी डोळ्यांना तो खोटा वाटतो.

रत्नागिरी स्टेशनवरून रिक्षाने एसटी स्टँड आणि तिथून पावसमार्गे पूर्णगडची गाडी. रस्ता वळणावळणाचा आहे, उलटीची सवय असेल तर पुढे बसा. आम्ही खाडीपलीकडे एका घरगुती निवासात खोली घेतली होती. मालकीणबाई सुनंदाताई अंगणातच उभ्या होत्या. नावं ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

“खरे? अगंबाई, आमच्यातल्याच की! कुठले खरे तुम्ही?”

मंजूने माझ्याकडे पाहिलं. मी समजावलं, हे कायस्थ खरे, झाशीकडचे, आडनाव तेवढं सारखं. ताईंना ते फारसं पटलं नाही. पुढचे सगळे दिवस त्या मंजूशी भरभर मराठी बोलत राहिल्या आणि मंजू “जी, जी” म्हणत राहिली. माझ्या मराठीबद्दल त्या म्हणाल्या, “तुमचं बोलणं छान आहे हो, पण जुन्या पोथीतल्यासारखं.” मी ‘फिराया’ म्हटलं होतं. आमच्या घरात तसंच म्हणतात.

चहा घेऊन लगेच निघालो. सुरूच्या झाडांमधून वाट खाली उतरते. खाली पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. मंजूने चपला काढून हातात घेतल्या आणि तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. परीक्षेच्या निकालाच्या फळ्यासमोर उभी असावी तशी ती लाटांकडे बघत होती.

मग तिने मोबाईल काढला, पाण्याचा फोटो घेतला आणि अंकितला लिहिलं, “देख, मैं तेरे दफ्तर आ गई.”

मेसेजवर एकच टिक आली. खाली किनाऱ्यावर नेटवर्क जेमतेम होतं, त्यामुळे तेव्हा काही वाटलं नाही. वर घरी आल्यावरही एकच टिक होती. त्या संध्याकाळचा अंकितचा मेसेज आला नाही.

कॅनव्हास

सकाळी घावनं आणि नारळाचं गोड दूध. मंजूने तीनदा मागून घेतलं, म्हणजे मन थाऱ्यावर आहे असं मी समजले. सुनंदाताईंच्या यजमानांनी प्लायचा एक मोठा तुकडा दिला, त्यावर कॅनव्हास पसरून क्लिपा लावल्या. किनाऱ्यावर चित्र काढायला जाणाऱ्यांसाठी सांगते, इझल नेऊ नका. वारा ते एका मिनिटात उडवतो. फळी दगडांना टेकवा, ॲक्रिलिक रंग न्या आणि डोक्याला रुमाल बांधा. वाळू रंगात येणारच, तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

निघताना ताई म्हणाल्या, “आज जास्त पुढे जाऊ नका हां. समुद्रात वादळ आहे म्हणतायत. बंदरावर बावटा चढलाय, होड्या सगळ्या परत आल्या.”

मंजूला ‘बावटा’ कळलं नाही. ‘वादळ’ कळलं.

“कौन से समुद्र में?” तिने विचारलं.

“हाच की. अरबी समुद्र,” ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

अंकितचं जहाज आखाताकडून गुजरातेकडे यायचं होतं. म्हणजे याच पाण्यातून. मंजूने खरेजींना फोन लावला. ते म्हणाले, बोटीवर नेटवर्क नसेल, होतं असं, तू चित्र काढ. बोलणं फार लवकर संपलं. एरवी खरेजी फोनवर भाजीचा भावसुद्धा सांगितल्याशिवाय ठेवत नाहीत.

खाली समुद्र कालच्यापेक्षा वेगळा होता. रंग गढूळ, करडा, मध्येच हिरवा. लाटा लांबूनच फुटत येत होत्या. खाडीपलीकडे पूर्णगडाची काळी भिंत दिसत होती.

पहिलं भांडण क्षितिजावरून झालं. मला रेघ खाली हवी होती, म्हणजे वर मोठं आकाश मिळालं असतं. मंजूला ती अगदी वर हवी होती.

“मग आकाशाला जागाच उरत नाही,” मी म्हटलं.

“नको उरू दे. इथे आकाश बघायला नाही आले मी.”

शेवटी मध्यावर तडजोड झाली. वरचा भाग माझा, खालचा तिचा. मी ढगांच्या कडेला केशरी लावायला सुरुवात केली. ते तिथे नव्हतं, पण मला बरं वाटत होतं. मंजू मोठ्या ब्रशने गडद निळा आणि करडा थापत होती. दर थोड्या वेळाने हात पुसून मोबाईल बघायची, मग पुन्हा ब्रश उचलायची. टिक एकच.

दुपारी पाण्याची बाटली भरायला मी वर घरी आले आणि माझा फोन वाजला. खरेजी होते.

“अपर्णाजी, मंजू पास में तो नहीं?”

मी नाही म्हटलं. मग ते जे बोलले ते मला धड दोनदा विचारून घ्यावं लागलं. अंकितला अपघात झाला होता. इंजिन रूममध्ये हात अडकला. वादळाशी त्याचा काही संबंध नव्हता, जहाज तर बंदरातच होतं. त्याला आखातातल्या एका इस्पितळात नेलं होतं आणि आता ऑपरेशन सुरू होणार होतं. खरेजींना हे आदल्या दिवशीच कळलं होतं. अंकितनेच बजावलं होतं, मम्मी पहिल्यांदा समुद्र बघायला गेलीय, तिला आत्ता सांगू नका.

“जीवाला धोका नाही म्हणतात. ऑपरेशन होऊ दे, मग मी स्वतः सांगेन. तोवर तुम्ही सांभाळा. इतक्या लांब ती करणार तरी काय?”

मी “बरं” म्हटलं.

फोन हातात तसाच धरून खाली उतरले. मंजूने त्याच्याकडे बघत विचारलं, “किसका फोन था? बहुत देर लगी.”

“ऑफिसचा.”

मी माझ्या बाजूला बसले आणि ब्रश हातात घेतला. केशरी रंग सुकून गेला होता, त्यावर पुन्हा केशरी लावत राहिले. मंजू आता लाटांच्या कडा काढत होती. एरवी तिचा हात इतका हलका, आज मात्र ती कॅनव्हासवर ब्रश रेटत होती. मध्येच थांबली आणि ब्रशच्या टोकाने समोर दाखवत म्हणाली, “अपर्णा, तुला काय वाटतं? तो त्या तिकडे असेल का? एवढ्या लाटांत जहाज कसं उभं राहत असेल?”

ती त्याला वादळात शोधत होती. मला माहीत होतं की तो तिथे नाही, आणि कुठे आहे तेही माहीत होतं. मला पुढे रेटवेना.

“मंजू, तो तिथे नाहीये,” मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. खरेजींचा फोन, हात, इस्पितळ, ऑपरेशन. सांगताना मी तिच्याकडे बघू शकले नाही.

ती उठली. ब्रश वाळूत पडला. सरळ पाण्याकडे चालू लागली. लाट आली, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, तरी ती पुढेच. मी ओरडत धावले आणि मागून तिचा दंड धरला. पाणी पायाखालची वाळू ओढून नेत होतं, आम्ही दोघीही डगमगलो.

“छोड़!” तिने हात झटकला. “मरने नहीं जा रही. हात धुतेय. या हातांनी फोन कसा करू?”

तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे होते. ती वाकून ते घासत राहिली, रंग निघेना. मी माझ्या ओढणीने पुसायला लागले. तेवढ्यात पुढची लाट कमरेपर्यंत येऊन आदळली आणि आम्ही एकमेकींना धरून मागे आलो.

अंगणात

कॅनव्हास तसाच दगडावर टाकून चढ चढलो. मंजूने अंगणातूनच खरेजींना फोन लावला. इतक्या वर्षांत मी तिला नवऱ्यावर ओरडताना ऐकलं नव्हतं.

“मेरा बच्चा है! तुम कौन होते हो तय करने वाले कि मुझे कब पता चले?” मग बराच वेळ ऐकत राहिली. मग हळू आवाजात, “तुम अकेले बैठे हो घर में? कल से? किसी को बुला लो. खाना खाया?”

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली.

“आणि तू. ऑफिसचा फोन?”

“अर्धा तास फक्त, मंजू. मला कळेना काय करावं.”

“त्या अर्ध्या तासात मी निळा रंग लावत बसले. तो तिकडे टेबलावर, आणि मी इकडे लाटेची कड काढतेय.”

सुनंदाताईंना सगळं ऐकू गेलं असणार. त्यांनी कोरडे टॉवेल आणून दिले, मंजूच्या शेजारी पाटावर बसल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. एकदाच म्हणाल्या, “माझा धाकटा ट्रॉलरवर जातो. मलासुद्धा कुणी काही वेळेवर सांगत नाही.” मंजूला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिने सूप आपल्याकडे ओढलं आणि तीही खडे काढू लागली.

वारा वाढला. ताईंचे यजमान खाली जाऊन आमची फळी डोक्यावर घेऊन आले आणि पडवीत ठेवली. मी चहा केला, कुणी प्यायलं नाही. रस्त्यावर गाडी वाजली तरी मंजू दचकायची.

उजेड जात आला होता तेव्हा फोन वाजला. नंबर परदेशी होता. मंजूने उचलला आणि माझ्यापुढे धरला. मीच स्पीकर लावला.

“मम्मी,” आवाज जड होता, झोपेतून आल्यासारखा. “बायाँ हाथ है, मम्मी. बायाँ.”

डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. बाकी हात वाचला होता. हे त्याने दुसऱ्याच्या हाताबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं, “समंदर कैसा लगा?”

मंजू म्हणाली, “चुप. सो जा.” आणि फोन छातीशी धरून रडली. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला ठेवायचा होता, पण मी जागची हलले नाही.

दुसऱ्या सकाळी

परतीचं तिकीट त्याच्या पुढच्या दिवसाचं होतं. आधीचं मिळेना. अंकितला कंपनी तिथूनच विमानाने घरी पाठवणार होती, म्हणजे आम्हाला कुठे धावायचंही नव्हतं. मला वाटलं होतं मंजू आता खोलीतून बाहेर येणार नाही. पण मी उठले तेव्हा तिचं अंथरूण रिकामं होतं आणि पडवीतली फळीही नव्हती.

धावतच खाली गेले. ती पाण्यापासून चांगली लांब, सुरूच्या झाडाला फळी टेकवून उभी होती. कॅनव्हासवर काल वाळूचा थर बसून सुकला होता.

“तुझं आकाश पुसू का?” तिने विचारलं. हे काल संध्याकाळनंतर ती माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मी हो म्हटलं. तिने क्षितिज अगदी वर नेलं. माझं केशरी करड्या पाण्याखाली गेलं. वर आकाशाची एक पट्टी तेवढी उरली. ती तिने मला दिली आणि म्हणाली, “जसं दिसतंय तसं लाव.” मी समोर बघून लावलं. मळकट पांढरं, एका बाजूला पावसाचं काळं. मग तिने मला खाली बोलावलं, लाटेचा फेस काढायला. दुपारपर्यंत आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून एकच पाणी रंगवत होतो. पहिले थेंब पडले तेव्हा चित्र उचलून पळालो.

परतीच्या गाडीत ताईंनी दिलेल्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी मंजूने निम्मी निम्मी केली आणि माझा वाटा माझ्यापुढे सरकवला. मी वरच्या बर्थवर पडून होते आणि विचार करत होते, की खरेजींचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं का. प्रत्येक स्टेशनला उत्तर बदलत होतं.

झाशी

प्रदर्शनाच्या आधी अंकित घरी आला. वाळलेला, हाताला पांढरं बँडेज. उद्घाटनाच्या दिवशी तो आईवडिलांबरोबर हॉलवर आला. तिवारीजींनी आमचं चित्र दारासमोरच लावलं होतं. लोक थांबत होते. एक बाई जवळ जाऊन बोट फिरवत म्हणाल्या, “इसमें तो सचमुच की रेत है.” तिवारीजींची तक्रार एकच, आसमान कम है.

अंकित बराच वेळ चित्रापुढे उभा राहिला. मंजू त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“अच्छा है, मम्मी,” तो म्हणाला. “पर ये किनारे वाला समंदर है. वहाँ से ऐसा नहीं दिखता. वहाँ लहरें कहीं पहुँचती नहीं, बस चारों तरफ होती हैं.”

“डर नहीं लगता?”

“इंजन रूम में समंदर दिखता कहाँ है!” तो हसला.

मंजू हसली नाही. तिने विचारलं, “फिर जाएगा?”

खरेजींनी मान खाली घातली. अंकितने बँडेजची कड नीट केली. “डॉक्टर हाँ कहेगा तो जाऊँगा.”

मला वाटलं आता भर हॉलमध्ये ती रडेल किंवा भांडेल. तिने चित्राकडे एकदा बघितलं, मग त्याच्याकडे.

“ठीक है. पर आगे से कुछ भी हो, पहला फोन मुझे. पापा को नहीं. मुझे.”

त्याने मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली. त्या किनाऱ्यानंतर पहिल्यांदाच तिने माझ्या डोळ्यात सरळ पाहिलं.

“तू अर्ध्या तासात सांगितलंस. यांनी सांगायला दुसरा दिवस उजाडू दिला,” ती म्हणाली. “माझा राग गेलेला नाही. पण पुढच्या वर्षी जोडी तुझ्याशीच लावेन.”

पूर्णगडला जायचं असेल तर दिवाळीनंतर थोडं थांबून जा, हवा स्वच्छ असते. सुनंदाताईंकडे राहा आणि घावनं मागून खा. समुद्र कसा होता असं मला ऑफिसात सगळे विचारतात. मी रंग सांगते, लाटा सांगते, किल्ला सांगते. पण मला आठवतात ते पाण्यात वाकून घासले जाणारे दोन निळे हात, आणि आपण ते धरले होते एवढं.